कॉइल घेण्याआधी किल स्विचची वायर काढून बघा

बोटीच्या जुन्या आउटबोर्डचा (मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा) स्पार्क गरम झाल्यावर जातो, या प्रश्नावर दोघातिघांनी ‘गरम झाल्यावर स्पार्क जातो म्हणजे कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) गेली, नवी टाका’ असं लिहिलंय. कॉइल असू शकते, नाही असं नाही. पण जुन्या मॅग्नेटो (फिरत्या चुंबकातून वीज करणाऱ्या) किंवा सीडीआय (कपॅसिटरमधून स्पार्क देणाऱ्या) आउटबोर्डमध्ये किल स्विच करंट तोडत नाही, इग्निशनची वीज बॉडीत उतरवून (अर्थ करून) इंजिन बंद करतो. त्यामुळे स्विचमध्ये ओल शिरली किंवा वायर सोलून बॉडीला लागली, की स्पार्क गायब. आमच्याकडे रामटेकच्या खिंडसी तलावावर एका जुन्या दोन सिलिंडरवाल्या इंजिनाचं हेच निघालं. मे महिन्याच्या उन्हात वायरचं कव्हर पार कडक होऊन तडकलं होतं, आणि मेकॅनिक मात्र प्लगच बदलत बसला होता.

म्हणून आधी पॉवर पॅककडे (इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक डब्याकडे) जाणारी किल वायर सोडवा आणि स्पार्क बघा. आला तर दोष स्विच किंवा वायरिंगचा. तेव्हा इंजिन चालू केलंच, तर बंद करायला चोक ओढावा लागेल, हे लक्षात असू द्या. मात्र बॅटरी-कॉइलवालं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) असेल तर प्रकार उलटा: तिथे चावीतूनच कॉइलला करंट येतो, ती वायर सोडवाल तर स्पार्क येणारच नाही. आणि सीडीआयचे व्होल्ट साध्या मल्टिमीटरवर मोजू नका, पीक व्होल्टेज अडॅप्टर (क्षणभराचे सर्वात जास्त व्होल्ट पकडणारा जोड) लागतो.