पहिलं ब्रेस्ट इम्प्लांट: सलाईन की सिलिकॉन? माझं मत सलाईनला

सदाफुली:
मामेबहिणीचं चाललंय, अंगाने अगदी बारीक आहे, पुण्यात डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी सरळ सिलिकॉन जेलची गोल इम्प्लांट्स हातात दिली आणि सीसीवर, म्हणजे किती मापाचं बसवायचं यावर, गाडी आणली, सलाईनचा विषयच नाही. मी म्हणते का नाही? सलाईनवालं फुटलं तर काही दिवसांत ती बाजू बसते, आरशातच दिसतं, आणि आतलं मिठाचं पाणी अंग शोषून घेतं. सिलिकॉन फुटलं तर बऱ्याचदा पत्ताच लागत नाही, जेल आतल्या आत राहतं. म्हणून तर अमेरिकेची एफडीए (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) सांगते की काही त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि मग दर २-३ वर्षांनी. आता खरं सांगा, आपल्याकडे दुखत नसताना कोण जातंय तपासणीला? रूट कॅनालवर कॅप बसवायला जात नाहीत लोक.

रातराणी:
बारीक आहे म्हणतेस आणि सलाईन सुचवतेस?? अगं बारीक बाईलाच सलाईनचा जास्त त्रास. वर झाकायला मांस नसलं की इम्प्लांटच्या कडेच्या सुरकुत्या हाताला लागतात, वाकलं की दिसतात पण. मसलखाली बसवलं तरी वरचा भाग झाकला जातो, खालची नि बाहेरची कड तशीच राहते. मी सिलिकॉनच घेतलंय आणि पुन्हा तेच घेईन. पुढे कधीतरी फुटेल कदाचित म्हणून आजपासून रोज सुरकुत्या चाचपत बसायचं का?

मिरजमिरची:
पण सिलिकॉनवर बंदी होती ना अमेरिकेत? १९९२ ते २००६. उगाच घातली असेल का?

रातराणी:
पुरेसा सेफ्टी डेटा कंपन्यांनी दिला नव्हता म्हणून घातली होती, आणि तेव्हाही कॅन्सरनंतर स्तन परत घडवायला (रिकन्स्ट्रक्शन) चालू होतं. २००६ मध्ये परत मान्यता दिली, फक्त साइज वाढवायला वय २२ पूर्ण पाहिजे, सलाईनला १८. आणि एक सांगू का, सलाईनची पिशवीसुद्धा सिलिकॉनचीच असते, त्यामुळे "मला अंगात सिलिकॉन नको" म्हणून सलाईन घेणाऱ्यांचं मला हसू येतं.

सदाफुली:
मी असं कुठे म्हटलं? माझा मुद्दा लक्षात येण्याचा आहे, पिशवीचा नाही.

ओटीतला_माणूस:
भूल देतो, कापत नाही, त्यामुळे माझं किती ऐकायचं ते ठरवा. आत काय भरलंय त्यावरून भांडताय पण निम्मी भानगड मापाची असते. छातीची रुंदी किती, कातडी किती ताणते, हे मोजून माप ठरतं, मैत्रिणीला ३५० सीसी बसलं म्हणून मलाही ३५० असं नाही. लहान छातीवर मोठं बसवलं की पुढे कातडी पातळ होते नि इम्प्लांट खाली सरकतं. सलाईनला एक फायदा नक्की आहे, रिकामं आत सारून मग भरतात, त्यामुळे चीर लहान, आणि दोन्ही बाजूंत फरक असेल तर भरतानाच थोडं कमीजास्त करता येतं. आणि कुठलंही घेतलं तरी शरीर भोवती आवरण तयार करतं, ते आवळलं तर कडक होतं, दुखतं, परत ऑपरेशन. ते सलाईन, सिलिकॉन दोन्हींत होऊ शकतं.

कोकणकन्या:
गोल कशाला, थेंबाच्या आकाराचं घ्या ना, नॅचरल दिसतं. ब्रँड नावाजलेला असला की झालं.

सदाफुली:
नावाजलेला?? अॅलर्गन नावाजलेलीच होती की. जुलै २०१९ मध्ये त्यांची बायोसेल खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवावी लागली, भोवतीच्या आवरणात होणाऱ्या लिम्फोमा नावाच्या कॅन्सरमुळे. दुर्मिळ आहे मान्य, पण बहुतेक खरबरीत इम्प्लांटवाल्यांतच सापडलाय. आणि थेंबाचा आकार आत फिरू नये म्हणून तो मुख्यतः खरबरीतच बनवतात. गोल गुळगुळीत फिरलं तरी गोलच, काय फरक पडतो.

मिरजमिरची:
ती फ्रेंच कंपनी पण होती ना, पीआयपी. मेडिकलच्या जागी इंडस्ट्रियल सिलिकॉन भरत होते, २०१० मध्ये उघडकीला आलं, मालक तुरुंगात गेला. इम्प्लांटबरोबर मिळणारं कार्ड नीट ठेवा बायांनो, कंपनी, मॉडेल, लॉट नंबर सगळं असतं त्यावर. उद्या काही परत मागवलं तर तुमचं त्यात आहे की नाही ते कळणार कसं?

रातराणी:
कार्डाचं शंभर टक्के बरोबर. पण सदाफुली, तुझ्याच पहिल्या पोस्टमध्ये सोनोग्राफी चालते असं लिहिलंयस. सोनोग्राफी तर तालुक्याच्या गावी होते, एमआरआयसारखं अर्धा तास आत पडून राहायला नको. मग तपासणीचा एवढा बाऊ कशाला?

सदाफुली:
सेंटर जवळ आहे गं, पण जायला कारण लागतं. आणि पैसे. हौसेच्या ऑपरेशनला मेडिक्लेम नाही, मग तपासणी आणि पुढे बदलायची वेळ आली तर तेही खिशातून. जन्मभर टिकत नाहीत ही, बदलावी लागतात, हे त्या डॉक्टरांनी आम्ही विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. त्याचाच मला राग आलाय जास्त.

ओटीतला_माणूस:
मग तो प्रश्न डॉक्टर बदलण्याचा आहे.

रातराणी:
हो, तेवढं पटलं. पण बहिणीला दोन्ही नुसती टेबलावर बघायला देऊ नकोस, स्पोर्ट्स ब्राच्या आत घालून पुढे वाकायला सांग, थोडा वेळ चालायला सांग. सलाईनचं वजन आणि खळखळ तिलाच कळू दे. निवड तिची आहे, तुझी नाही.

सदाफुली:
ते करते. सलाईनचं सँपल ठेवणारं क्लिनिक पुण्यात कुणाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.