मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरच्या गुडघ्याचं ऑपरेशन, हाडातल्या फटीत काय भरावं?

आमची राणी, लॅब्रॅडॉर, साडेसहा वर्षांची, वजन ३४ किलो. मागच्या उजव्या पायाचं क्रूशिएट लिगामेंट (गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा) पूर्ण तुटलंय. सर्जननी टीटीए नावाचं ऑपरेशन सुचवलंय. त्यात नडगीच्या हाडाचा पुढचा भाग कापून पुढे सरकवतात, मध्ये टायटॅनियमचा केज, म्हणजे छोटा पिंजऱ्यासारखा तुकडा, बसवतात आणि प्लेट लावतात. म्हणजे पाय टेकवताना मांडीचं हाड मागे घसरत नाही. एवढं समजलं.

अडलंय ते पुढे. केजच्या वर-खाली जी मोकळी फट राहते, तिच्यासाठी दोन पर्याय दिलेत: तिच्याच दंडाच्या हाडातून काढलेलं मऊ, स्पंजसारखं हाड, किंवा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कृत्रिम हाडासारख्या पदार्थाचे तयार दाणे. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, दाणे फक्त नवीन हाडाला आधार देतात, असं डॉक्टर म्हणाले. पण पुढच्या पायाला आणखी एक जखम? तीन पायांवर उभं राहणारी कुत्री तो पाय तरी कशी टेकवणार, या विचाराने झोप येत नाही.

कोणी दाणे वापरलेत का? हाड भरायला जास्त वेळ लागला का? ती वेदनाशामक कार्प्रोफेनवर आहे, त्याने हाड जुळायला अडथळा येतो का? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:

ताई, मी पशुवैद्यक आहे, लहान प्राण्यांची सर्जरी करते. पहिली गोष्ट, दंडच हवा असं नाही. नडगीच्या वरच्या टोकातूनही मऊ हाड काढता येतं, बहुतेक वेळा त्याच कापातून. हे तुमच्या सर्जनना नक्की विचारा, कदाचित तुमची मुख्य काळजी तिथेच मिटेल.

दाणे वाईट नाहीत. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत हळूहळू विरघळतं आणि त्या जागी हाड येतं. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हा तसाच दुसरा पदार्थ मात्र फार काळ तसाच राहतो. अडचण अशी की दाणे एक्स-रेत स्वतःच पांढरे दिसतात, त्यामुळे भरलंय ते हाड की दाणे हे सुरुवातीला ठरवणं कठीण जातं. आणि जखमेत जंतुसंसर्ग झाला तर बाहेरची वस्तू तिथे असणं त्रासाचं ठरतं. तरुण, निरोगी कुत्र्यात फट बरीचशी आपोआपही भरते. राणीचं वय आणि वजन बघता मी तिचंच हाड निवडेन.

कार्प्रोफेन थोड्या दिवसांसाठी द्यायला हरकत नाही, महिनोन् महिने चालू ठेवायचं असेल तर आधी बोलून घ्या. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे होईपर्यंत तिला उड्या आणि जिना बंद, फिरणं फक्त पट्ट्यावर. घरात लादी गुळगुळीत असेल तर आताच सतरंज्या पसरून ठेवा. आणि तिचं वजन? ३४ किलो तिच्या बांध्याला जास्त आहे का, हे सांगाल का?