डायनिंग टेबलखाली रग घ्यायचाय, साइज आणि मटेरियल सुचवा (बजेट ८ हजार)

कोथरूडची_मी
नमस्कार मंडळी. आमचा टू बीएचके, तिसरा मजला. किचन आणि हॉलच्या मधे ११ बाय १० ची जागा आहे तिथे डायनिंग टेबल, ५ बाय ३ फूट, सहा लाकडी खुर्च्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. खुर्ची सरकवली की करकर खाली जाते. खालच्या आजोबांची बायपास झालीय, ते दुपारी झोपतात, दोनदा वर येऊन अगदी सौम्यपणे सांगून गेले, मला फार वाईट वाटलं. म्हणून रग टाकायचं ठरवतेय. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे, निम्मं वरण-भात खालीच असतं. सासूबाई ७१ च्या, त्यांचा पाय अडकायला नको. बजेट ८ हजार, फार तर ९. कुठला घेऊ?

पेठेतला
रग नकोच. खुर्चीच्या पायांना फेल्टचे पॅड लावा, शंभर-दीडशेत काम. जेवायच्या जागी कापड अंथरून ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही, ती थंडीच्या देशातली.

ठाण्याची_काकू
पेठेतला, पंगतीत पाहुणे सतरंजीच्या पट्टीवरच बसायचे की!

पेठेतला
काकू, पंगत उठली की पट्टी झटकून गुंडाळायचे, तीनशे पासष्ट दिवस टेबलाखाली नसायची ती.

गालिचावेडा
घ्यायचा तर एकदाच आणि चांगला घ्या. मी २०११ साली उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा हाताने गाठी मारलेला लोकरीचा गालिचा घेतला, ६४ हजार पडले, आजही तसाच आहे. लोकरीत मुळातच लॅनोलिन, म्हणजे मेणासारखं तेल असतं, सांडलेलं पाणी लगेच आत जात नाही, तेवढ्यात टिपून घेता येतं. घेताना उलटा करून बघा, मागे गाठी दिसल्या आणि नक्षी पुढच्यासारखीच स्पष्ट असली तर हाताचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, काही वर्षांनी त्याच्या डिंकाची पावडर गळायला लागते. आपल्याकडची कारागिरी काय होती बघा, विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलाय, राणी व्हिक्टोरियासाठी.

कोथरूडची_मी
दादा, बजेट ८ हजार आहे :)

मुलुंड_पूर्व
तुरुंगावरून आठवलं, येरवडा जेलच्या विक्री केंद्रातही सतरंज्या असतात, तुम्हाला जवळ आहे. साइज मिळेल याची खात्री नाही, चक्कर मारून बघा.

ठाण्याची_काकू
ताई काहीही घ्या पण ते चमकणारं आर्ट सिल्क घेऊ नका. मी प्रदर्शनातून घेतलं, मऊ लुसलुशीत, विकणारा म्हणाला बांबू सिल्क आहे, म्हणजे व्हिस्कोसच, लगद्यापासून केलेला नकली रेशमी धागा. नातवाने पाण्याचा ग्लास सांडला, नुसतं पाणी हो, वाळल्यावर तिथे पिवळा कडक डाग, तो आजतागायत गेला नाही. अठरा हजार गेले. आणि ज्यूटही नको, माझ्या भाच्याकडे ओल्या पोछ्याने तपकिरी पडलं.

नकाशा_आणि_भिंती
मी इंटिरियरची कामं करते. आधी साइज. टेबलाच्या चारी बाजूंना किमान दोन-दोन फूट रग बाहेर हवा, म्हणजे खुर्ची मागे ओढून माणूस उठला तरी मागचे पाय रगवरच राहतात. तुमचं टेबल ५ बाय ३, म्हणजे ९ बाय ७. रेडीमेडमधे ८ बाय ५ भरपूर मिळतात आणि लोक स्वस्त म्हणून तेच उचलतात, मग खुर्चीचे मागचे पाय काठावरून खाली उतरतात, परत पुढे ओढताना काठ दुमडतो. सासूबाई अडखळतील त्या तिथेच. घ्यायच्या आधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ९ बाय ७ आखा आणि दोन दिवस त्यावर जेवा. किचनचं दार आत उघडत असेल तर तेही उघडून बघा.
दुसरं, रगचे केस, म्हणजे वर उभे असलेले धागे, आखूड हवेत किंवा नकोतच. मऊ जाड रगवर खुर्ची सरकत नाही, शितं आत रुततात. सपाट विणीचं घ्या. खाली रबरी जाळी टाकायचीच, टाइल्सवर सतरंजी घसरते.

सोलापूरकर
सपाट विणीचं म्हणजे आपली सतरंजीच की. सोलापूरला या.

पुणे_सातारा_पुणे
हो सोलापुरी चादर दोन पदरी टाकली तरी चालेल, जीआय टॅगवाली, म्हणजे भौगोलिक मानांकनाची.

सोलापूरकर
अहो चादर वेगळी, सतरंजी वेगळी! जीआय चादरीला आहे, ती जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर विणतात, पांघरायची वस्तू आहे. टेबलाखाली टाकू नका, खुर्च्यांनी आठवड्यात भोकं पडतील. माझे वडील तीस वर्षं मागावर होते, चादर पायाखाली घालायची म्हटलं की पोटात कालवतं. सतरंजीला बाणा, म्हणजे आडवा धागा, जाड असतो, ठोकून घट्ट बसवलेला. बोटाने दोन धागे बाजूला करून बघायचे, सहज सरकले तर घेऊ नका.

डॅलसवाली_वैदेही
आमच्याकडे दोन भागांचा रग आहे, वरचं कापड काढून वॉशिंग मशीनमधे, २६० डॉलर. मुलं लहान असतील तर दुसरं काही घेऊच नका.

रोज_पोछा
डॅलसला रोज फरशी पुसत नाहीत ताई. इथे खरा प्रश्न तो आहे. आमच्या मावशी ओल्या फडक्याने पुसतात, रगचा काठ उचलतात आणि ओलीवरच परत टाकतात. श्रावणात कुबट वास यायला लागला, उलटा केला तर काळे ठिपके. आता जून ते सप्टेंबर रग गुंडाळून माळ्यावर असतो. तुम्हीही पावसाळ्यात काढाच.

पेठेतला
म्हणजे वर्षाचे चार महिने खालच्या आजोबांना आवाज. म्हणूनच म्हणतोय, पॅड लावा.

रोज_पोछा
हा मुद्दा बरोबर आहे. फक्त चिकटवायचे पॅड ओल्या पोछ्याने महिन्यात निघतात, खिळ्याचे घ्या, लाकडी पायात ठोकता येतात.

मुलुंड_पूर्व
मी पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा, मरून रग घेतला, साडेसहा हजार, गच्चीवर नेऊन पाइपने धुतो. डागाचं टेन्शन नाही. गडदच घ्या.

पुणे_सातारा_पुणे
+१ गडद. साइज मोठा घ्या, खुर्च्या रगवर राहिल्या पाहिजेत.

ठाण्याची_काकू
गडदच. आणि गोंडे नकोत, व्हॅक्यूममधे अडकतात.

गालिचावेडा
हाताच्या गालिच्याचे गोंडे म्हणजे त्याचा ताणाच, म्हणजे उभे धागेच असतात, ते कापायचे नसतात.

नकाशा_आणि_भिंती
डागांबद्दल: भात पडला तर वाळू द्या, मग झटका, ओला असताना चोळाल तर पीठ होऊन बसतं. तेलावर बेसन टाकून ठेवा आणि तासाभराने झाडा. हळदीचा डाग धुवून उन्हात ठेवला की बराच उडतो.

कोथरूडची_मी
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्तमानपत्रं पसरली होती, किचनचं दार ९ बाय ७ ला चार बोटं राखून उघडतं. घेतलंय. जोधपूरजवळच्या सालावासच्या विणकरांकडून सुती पंजा दरी (पंजा नावाच्या फणीने ठोकून विणलेली सतरंजी), मापाने विणून, गोंड्यांशिवाय. जाळी धरून ९,२०० झाले. गडद मात्र नाही घेतली, हळदी रंगाची घेतली, विटकरी पट्ट्यांची. आठवडाभर टेबलाखाली काय काय पडतं ते बघत होते, तर वरण, बटाट्याची भाजी, खिचडी, सगळं पिवळंच. मरूनवर भाताचं शीत लांबून दिसलं असतं. पॉलिप्रॉपिलीन पायाला चरचरतं, मुलगी खालीच लोळते, म्हणून सुती.
खिळ्याचे पॅडही ठोकले, पावसाळ्यात दरी गुंडाळली तरी ते राहतील.

सोलापूरकर
सोलापूरला मापाने करून दिली असती ताई. असो. पहिल्या धुण्यात सुती आटते, गार पाण्यातच धुवा, आणि विटकरीचा रंग सुटतो का ते आधी कोपरा भिजवून बघा.

कोथरूडची_मी
दादा, कोपरा भिजवून पांढऱ्या रुमालाने दाबून बघितला, थोडा सुटतोय. मीठ टाकू का?

ठाण्याची_काकू
मीठ नको, व्हिनेगर टाक.

सोलापूरकर
दोन्ही नको. कच्चा रंग मिठाने बसत नाही. घरी बुडवूच नका, डाग पडेल तेवढंच गार पाण्याने टिपा, आणि विणकराला फोन करून विचारा कुठला रंग वापरलाय.