जेम्स स्टुअर्ट खरंच बॉम्बर उडवायचा की नुसती हवा?

गॅलरीतला_प्रेक्षक
मंडळी एक शंका आहे. आमच्या ऑफिसात एकजण छातीठोकपणे सांगतो की जेम्स स्टुअर्ट, तो हिचकॉकच्या रिअर विंडोवाला, दुसऱ्या महायुद्धात स्वतः विमान घेऊन जर्मनीवर बॉम्ब टाकायला जायचा. मला काही पटत नाही. युनिफॉर्म घालून फोटो काढले असतील, भरतीची जाहिरात केली असेल इथपर्यंत ठीक, पण ऑस्कर मिळालेल्या नटाला कुठलं सैन्य मरायला पुढे पाठवेल? आणि स्टुडिओवाले बरे सोडतील सोन्याची कोंबडी! गॉन विथ द विंडवाल्या क्लार्क गेबलबद्दलही असंच काहीबाही ऐकलंय. यात खरं किती आणि पब्लिसिटी किती ते जाणकारांनी सांगा. आपल्याकडचं कोणी असेल तर तेही येऊद्या.

दुर्बीण
तुमचा ऑफिसवाला बरोबर बोलतोय. स्टुअर्टच्या बाबतीत तर पब्लिसिटी टाळण्यातच त्याची अर्धी शक्ती गेली.

हा माणूस 1908 चा जन्म, प्रिन्स्टनचा आर्किटेक्चरवाला, आणि विमानाचं वेड आधीपासूनच, 1935 मधे लायसन्स काढलेलं, पुढे कमर्शियल पण. 1940 मधे पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा वजन कमी म्हणून परत पाठवला. सव्वासहा फूट उंच आणि काडीपैलवान. मग खाऊन पिऊन वजन वाढवलं आणि मार्च 1941 मधे साधा शिपाई म्हणून भरती झाला. तारीख बघा, पर्ल हार्बर (जपानचा तो हल्ला, ज्याने अमेरिका युद्धात उतरली) अजून आठ-नऊ महिने लांब होतं, आणि फिलाडेल्फिया स्टोरीचं ऑस्कर मिळून महिनाच झालेला. म्हणजे करिअर बसलं होतं म्हणून गेला असं म्हणायची सोयच नाही.

पुढे तेच झालं जे तुम्ही म्हणताय. पायलट झाला, ऑफिसर झाला, आणि वरच्यांनी त्याला अमेरिकेतच ठेवला, इतरांना शिकवायला. रेडिओवर बोल, भरतीची छोटी फिल्म कर, असली कामं. त्याने वरिष्ठांच्या मागे लागून लागून शेवटी 445 व्या बॉम्ब ग्रुपमधे जागा मिळवली, तिथे स्क्वॉड्रन कमांडर, म्हणजे ग्रुपमधल्या एका तुकडीचा प्रमुख, झाला आणि 1943 च्या शेवटी इंग्लंडमधे नॉरफोकच्या टिबनहॅम तळावर पोचला. विमान बी-24 लिबरेटर, दहा जणांचा क्रू, आत प्रेशर नाही, हीटर नावाला, वर उणे चाळीसच्या आसपास थंडी आणि खालून तोफा. पहिलं मिशन डिसेंबर 43 मधे कील बंदरावर.

रेकॉर्डवर 20 मिशन आहेत. आकडा लहान वाटेल पण स्क्वॉड्रन कमांडरला प्रत्येक वेळी जायचं नसतं, आणि तो जायचा तेव्हा बरेचदा सगळ्यांच्या पुढच्या विमानात. फेब्रुवारी 44 मधे एकदा गोळा कॉकपिटखालीच फुटला, त्याच्या पायाजवळ तळाला भोक, तसंच विमान परत आणलं. शिपाई म्हणून शिरलेला माणूस चार वर्षांत कर्नल झाला. हे फोटो काढून होत नाही.

आणि परत आल्यावर पिक्चरच्या काँट्रॅक्टमधे अट घातली की जाहिरातीत माझ्या युद्धातल्या कामगिरीचा वापर करायचा नाही. 1973 च्या वर्ल्ड ॲट वॉर या डॉक्युमेंटरी मालिकेत तो बोलताना दिसतो, तिथेही ओळख फक्त स्क्वॉड्रन कमांडर म्हणून, नट म्हणून नाहीच.

चहाटळ
स्टुअर्टचं मान्य. पण गेबलचं प्रकरण मला अजूनही स्टंटच वाटतं. सोबत एमजीएम स्टुडिओचा कॅमेरामन घेऊन युद्धावर कोण जातं राव? वर बॉम्बरमधे बसून फिल्म बनवली. आपले नेते पूर बघायला हेलिकॉप्टरने जातात तसलाच प्रकार.

दुर्बीण
@चहाटळ, थोडं थांबा. आधीचं माहितीये ना? त्याची बायको कॅरोल लॉम्बार्ड, ती पण मोठी स्टार, जानेवारी 1942 मधे इंडियानात युद्धाचे बाँड विकायला गेली होती, एका दिवसात वीस लाख डॉलरच्या वर विकले, आणि परत येताना लास व्हेगासजवळ डोंगरावर विमान आपटलं, विमानातले 22 च्या 22 गेले. गेबल तेव्हा चाळिशीचा, त्याला कोणी बोलावणार नव्हतं. ऑगस्टमधे भरती झाला.

फिल्मचं म्हणाल तर ते काम त्याला वायुदलानेच दिलं होतं, कारण विमानातल्या मशीनगनवाल्या पोरांची भरती कमी पडत होती. त्यासाठी तो पोलब्रुकच्या 351 व्या ग्रुपबरोबर बी-17 मधून गेला, रेकॉर्डवर पाच मिशन. एकात त्याच्या बुटाची टाच उडाली. त्या 1943 सालात दिवसा जर्मनीवर जाणाऱ्या विमानांची काय गत होत होती ते वाचा, स्टंट करायला माणूस दुसरी जागा शोधेल. फरक आहे तो वेगळाच. गेबल पाहुणा होता, स्टुअर्ट कामावर होता. उद्या कोणाला घेऊन जायचं, परत न आलेल्यांच्या घरी काय लिहायचं, हे स्टुअर्टच्या टेबलावर होतं, गेबलच्या नाही. मी दोघांना एका पंक्तीला बसवणार नाही, पण गेबलला हेलिकॉप्टरवाल्या नेत्यांच्या पंक्तीला तर मुळीच नाही.

अवांतर: गेबलच्या सैन्यातून सुटल्याच्या कागदावर सही कोणाची, तर कॅप्टन रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. रेगनची नजर अधू, त्यामुळे तो बहुतेक युद्धभर कॅलिफोर्नियात सैन्याच्या फिल्म युनिटमधे.

सांजवेळ
छान धागा. ब्रिटिशांना विसरू नका हं, तिकडे तर निम्मी नटमंडळी युद्धातून आलेली.

डेव्हिड निव्हन हा सँडहर्स्टचा (ब्रिटिश आर्मीची ऑफिसर घडवणारी अकादमी), 1933 मधे कंटाळून आर्मी सोडून हॉलिवूडला गेलेला, 1939 ला युद्ध सुरू झाल्यावर चांगली चाललेली गाडी सोडून परत इंग्लंडला. ॲलेक गिनेस (स्टार वॉर्सचा ओबी-वॉन केनोबी!) नेव्हीत, 1943 ला सिसिलीवर उतरताना सैनिक नेणारी बोट त्याच्या ताब्यात. हल्ल्याची वेळ पुढे ढकलल्याचा निरोप त्याला पोचलाच नाही आणि तो सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर हजर, असा किस्सा तो स्वतःच सांगायचा.

पण माझा लाडका डोनाल्ड प्लेझन्स. लँकेस्टर बॉम्बरवर वायरलेस ऑपरेटर, 1944 मधे विमान पडलं, जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत युद्धकैद्यांच्या छावणीत. पुढे 1963 चा ग्रेट एस्केप आला, विषयच कैद्यांच्या छावणीचा, त्यात हा. सेटवर काहीतरी सुचवायला गेला तर दिग्दर्शकाने गप्प केलं, तुमचं मत तुमच्याकडे ठेवा म्हणून. मग कोणीतरी कानात सांगितलं की अहो हा खरोखरचा कैदी होता, त्यानंतर त्यालाच विचारून विचारून काम 😀

कोकणी_वडा
सगळे ऑफिसरच दिसतायत वरती. ऑडी मर्फी कुठे राहिला? हा उलटा प्रकार, आधी सैनिक मग नट. टेक्ससच्या गरीब शेतमजुराच्या घरचा, बाप सोडून गेलेला, आई मेलेली, वय कमी म्हणून बहिणीने कागदावर वाढवून दिलं. मरीन्सनी घेतलं नाही, छत्रीवाल्यांनी (पॅराट्रूपर) घेतलं नाही, इतका लहानखुरा, शेवटी पायदळात. सिसिली, इटली, फ्रान्स. जानेवारी 1945 मधे होल्त्सविर गावाजवळ पेटलेल्या रणगाडा-तोफेवर चढून तिच्यावरच्या मशीनगनने एकट्याने जर्मन तुकडी थोपवली, त्यासाठी मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. विशी पण पूर्ण नव्हती.

लाइफ मासिकाच्या कव्हरवर फोटो आला तो बघून जेम्स कॅग्नी या स्टार नटाने त्याला हॉलिवूडला बोलावला. 1955 मधे टू हेल अँड बॅक या पिक्चरमधे त्याने स्वतःचीच भूमिका केली. विचार करा, मित्र मेलेले प्रसंग कॅमेऱ्यासमोर परत करायचे, टेक चुकला की अजून एकदा. रात्री झोप नाही, उशीखाली भरलेलं पिस्तूल. पुढे त्यानेच कोरिया आणि व्हिएतनामहून आलेल्या पोरांच्या मानसिक त्रासाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली, त्या काळात पुरुषमाणसं असलं बोलत नव्हती. 1971 मधे विमान अपघातात गेला. माझ्यासाठी यादीत पहिलं नाव हेच, बाकीचे सगळे नंतर.

गॅलरीतला_प्रेक्षक
बाप रे, माहितीचा पूर आला. धन्यवाद सगळ्यांना. मग जॉन वेन? पडद्यावर तर सगळ्यात जास्त युद्धं यानेच जिंकलीत.

चहाटळ
तो गेलाच नाही 😂 पर्ल हार्बरच्या वेळी 34 वर्षांचा, चार पोरं, त्यामुळे सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली. बरं सूट मिळाली तर मिळाली, त्यात गुन्हा काही नाही, लाखो बापांना मिळाली. रिपब्लिक स्टुडिओनेही त्याला सोडायचं नाही म्हणून जोर लावला. 1943-44 मधे पॅसिफिकमधे सैनिकांची करमणूक करायला फिरून आला तेवढंच. मला राग येतो तो नंतरचा, व्हिएतनामच्या वेळी न जाणाऱ्या पोरांना देशभक्ती शिकवत फिरला त्याचा. इथे स्टुअर्टला पूर्ण मार्क. त्याचीही मतं कट्टर उजवीच होती, पण 1966 मधे सत्तावन्नाव्या वर्षी निरीक्षक म्हणून का होईना बी-52 मधे बसून व्हिएतनामवर जाऊन आला, आणि 1969 मधे सावत्र मुलगा तिथेच मारला गेला. त्याने बोललेलं ऐकून घ्यावं लागतं.

मधली_आळी
आपल्याकडचं विचारलंय ना. शकुनीमामा गुफी पेंटल! 1962 ला जमशेदपूरला इंजिनिअरिंग करत असताना चीनचं युद्ध लागलं आणि सैन्यात गेले, सीमेवर जवानांच्या रामलीलेत सीता करायचे असं त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. अच्युत पोतदार, थ्री इडियट्सचे "कहना क्या चाहते हो"वाले प्रोफेसर, ते खरोखरच आधी प्राध्यापक होते, मग आर्मीत, 1967 ला कॅप्टन म्हणून बाहेर, मग इंडियन ऑइलमधे नोकरी आणि पिक्चर.

आणि नाना पाटेकर अर्थातच. प्रहारसाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर ट्रेनिंग घेतलं, टेरिटोरियल आर्मीत मानद कॅप्टन झाला आणि 1999 ला कारगिलच्या वेळी तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसांना गाठून परवानगी काढली, शूटिंग सोडून गेला. कोणी म्हणेल मानद पद ते मानदच, तर ठीके, पण बाकीचे तेव्हा मुंबईत बसून देशभक्तीची गाणी शूट करत होते.

दुर्बीण
नानाची तुलना गेबलशी करता येईल मग, स्टुअर्टशी नाही. भांडायचं असेल तर या 😀

आणि स्टुअर्टचं एक राहिलंच. मार्च 1945 मधे अमेरिकन लिबरेटर्सनी ढगांमुळे चुकून झ्युरिकवर बॉम्ब टाकले, जर्मनी समजून. तटस्थ देश, पाच माणसं मेली. त्या मिशनच्या मुख्य पायलट आणि नॅव्हिगेटरवर कोर्ट मार्शल झालं आणि त्याचा अध्यक्ष होता कर्नल जेम्स स्टुअर्ट. दोघेही निर्दोष सुटले. यावर कोणी अजून पिक्चर कसा काढला नाही?

कोकणी_वडा
काढतील हो, फक्त त्यात स्टुअर्टचं काम करायला तेवढा बारीक नट सापडायला पाहिजे.