मंत्रीपद गेलं आणि तुळशी परत आली, यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

खवचट_काका: २९ जुलै २०२५ ला स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' परत सुरू झाली, स्मृती इराणी परत तुळशी झाल्या, आणि तेव्हापासून लोकांचं चालूच आहे की काय ही अधोगती, कॅबिनेट मंत्री होती आणि आता सासूसुनांचं रडगाणं वगैरे. अहो मग २०२४ ची निवडणूक हरल्यावर बाईने करायचं काय? आपल्याकडे पडलेला आमदार पाच वर्षं महामंडळासाठी साहेबांच्या बंगल्यावर खेटे घालतो ते चालतं, आणि ही आपल्या जुन्या कामाला लागली तर पोटात दुखतं.

पोटभाडेकरू: कामाला लागली त्याबद्दल कोण बोलतंय? मुळात मंत्री कशी झाली ते बोला. २०१४ ला अमेठीत राहुल गांधींकडून लाखाच्या वर मतांनी पडल्या तरी थेट मनुष्यबळ विकास खातं, म्हणजे देशभरातली केंद्रीय विद्यापीठं हातात. स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात २००४ ला बीए आणि २०१४ ला बीकॉम भाग १!! तुळशी नसती तर कोणी दारात उभं केलं असतं का

मिसळ_तर्री: जेटली पण पडले होते की २०१४ ला अमृतसरला. त्यांना अर्थखातं दिलं तेव्हा गप्प होतात ना?

पोटभाडेकरू: जेटली सुप्रीम कोर्टातले वकील, वाजपेयींच्या काळात मंत्री राहिलेले. काहीही काय

मिसळ_तर्री: बरं राहिलं. पण तुळशीमुळे सगळं मिळालं हे काही पटत नाही. २००४ ला सिरीयल ऐन भरात होती तरी चांदनी चौकात सिब्बलांनी पाडलंच. २०१४ ला पडल्यावर बाई अमेठी सोडून पळाली नाही, फिरत राहिली, आणि २०१९ ला राहुल गांधींना ५५ हजारांनी घरी बसवलं. १९७७ ला संजय गांधी पडले ते सोडा, त्यानंतर गांधी घराण्याच्या गडात हे कोणाला जमलं होतं सांगा.

पोटभाडेकरू: आणि २०२४? तिथेच काँग्रेसच्या किशोरीलाल शर्मांनी पाडलं, १ लाख ६७ हजारांनी. ते सोयीस्कर विसरलात.

सोलापुरी_टॉवेल: मला ना डिग्रीशी देणंघेणं ना सिरीयलशी. २०१६ ते २०२१ वस्त्रोद्योग खातं यांच्याकडे होतं. आमच्याकडच्या यंत्रमागवाल्याला विचारा त्या वर्षांचं काय आठवतं, तर नोटाबंदी आणि जीएसटी म्हणेल, मंत्र्याचं नाव घेणार नाही. संसदेत भाषणं दणदणीत, मान्य, आमच्या मातोश्री कौतुकाने बघायच्या, पण भाषणावर माग चालत नाही.

खवचट_काका: नोटाबंदी, जीएसटी वस्त्रोद्योग मंत्र्याने आणली का? बिल भलत्याच्या नावावर फाडताय.

सोलापुरी_टॉवेल: आणली नाही हो, पण आमच्या बाजूने भांडायचं कोणी मग? खातं कशाला असतं

मिसळ_तर्री: आपले अमोल कोल्हे बघा, शूटिंगमुळे मतदारसंघात दिसत नाहीत म्हणून विरोधकांनी किती ओरडा केला, तरी शिरूरने २०२४ ला परत निवडून दिलंच ना. लोकांना नट चालतो, तुम्हालाच टोचतो.

पोटभाडेकरू: खासदार लोक निवडतात, चालू दे की. खातं लोक देत नाहीत, पंतप्रधान देतात. माझा प्रश्न त्यांनाच आहे, तुळशीला नाही.