भावाला ल्युपस निघालाय, मुंबईत कुणाला दाखवावं?

मीनल_डोंबिवली:
धाकटा भाऊ, वय 29. चार महिने झाले, ऑफिसातून आला की पाय सुजलेले. मोजे काढले की नडगीवर खोल वळ. लघवीला फेस. प्लेटलेट कमी आल्या तेव्हा डेंग्यू समजून सलाइन लावलं. मावशीला ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे म्हणून मीच नाव काढलं, तर फॅमिली डॉक्टर म्हणाले, तो बायकांचा आजार. आता ल्युपससाठीच्या एएनए, डीएस-डीएनए या रक्तचाचण्या दोन्ही पॉझिटिव्ह. मावशीच्या गालांवर लाल चट्टे होते, केस गळायचे, बोटं आखडायची. याला त्यातलं काहीच नाही. पुरुषांत वेगळा असतो का? डॉक्टर सुचवा, आईचा जीव थाऱ्यावर नाही.

परळकर:
ताई, मला 31व्या वर्षी निघाला. दहा रुग्णांत नऊ बायका, त्यामुळे पुरुषाच्या बाबतीत डॉक्टरांच्याही डोक्यात लवकर येत नाही. चट्टे, ऊन न सोसणं, केस गळणं हे बायकांत जास्त. आपल्यात किडनीवर येतो, प्लेटलेट उतरतात, फुप्फुसाभोवती पाणी होतं, हे प्रमाण जास्त. माझ्याही चेहऱ्यावर एक डाग नव्हता. रुमॅटॉलॉजिस्टच (सांध्यांच्या आणि अशा आजारांचे डॉक्टर) गाठा. मी परळच्या केईएम हॉस्पिटलला जातो. रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. पण लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण, रक्तातलं क्रिएटिनिन, सी3-सी4 (रक्तातली प्रथिनं) आणि बीपी उद्याच बघा, अपॉइंटमेंटसाठी थांबू नका. किडनीची बायोप्सी सांगितली तर टाळू नका, औषध त्यावरूनच ठरतं.

स्नेहा_ठाणे:
मला बारा वर्षं झाली. औषधं दोघांनाही बहुतेक तीच. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू झाली की डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, अंगदुखीला मनाने पेनकिलर नकोच, किडनीला जड जाते. आणि मीनल, सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं ठरलं तर त्याआधी स्पर्म जपून ठेवण्याबद्दल विचारा. त्या औषधाने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मला माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, पुरुषांच्या बाबतीत हा विषय राहून जातो.

मीनल_डोंबिवली:
तपासण्या सकाळीच दिल्या, बीपी 150/96. मंगळवारी केईएम. स्नेहाताई, तुमचं लिहिलेलं त्याला वाचायला दिलं, तर काही न बोलता गच्चीवर निघून गेला. तासाभराने खाली आला आणि म्हणाला, फाइल दे, तारखा मी लावतो.