मदत हवी आहे: पेटीवर बोटे बसलेल्या मुलीसाठी पहिला कीबोर्ड कोणता घ्यावा?

नमस्कार. आम्ही अमळनेरला राहतो. माझी मुलगी 8 वर्षांची असून तिसरीत शिकते. माझे सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आप्पा, गावाकडच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि त्यांच्या शेजारी बसून ती काही अलंकार व दोन अभंगांच्या चाली शिकली आहे. मात्र आप्पांची पेटी मंडळाबरोबर फिरतीवर असते, त्यामुळे सरावाला घरी वाद्य नसते आणि आता मुलीने ‘कॅसिओ’चा हट्ट धरला आहे. (आमच्याकडे वाद्य कोणत्याही कंपनीचे असो, त्याला कॅसिओच म्हणतात.)

खेळण्यासारखी 32 किंवा 44 लहान पट्ट्यांची वाद्ये मी आधीच बाद केली आहेत. पेटीवर बोटांना सप्तकाच्या लांबीचा जो अंदाज बसला आहे, तो अरुंद पट्ट्यांवर बिघडेल असे वाटते. तेव्हा पूर्ण आकाराच्या 61 पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, एवढे नक्की झाले आहे. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने वाद्य सेलवरही चालले पाहिजे.

माझी खरी अडचण ‘टच रिस्पॉन्स’ची आहे. यामाहा पीएसआर-एफ 52 किंवा कॅसिओ सीटी-एस 200 यांत ती सोय नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच येतो. सीटी-एस 300 आणि पीएसआर-ई 383 यांत ती आहे. तेथे प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात आणि ते एकापाठोपाठ जुळायला किती वेळ लागला यावरून आवाज लहान की मोठा हे ठरते. पियानो शिकणाऱ्या मुलाला ही सोय हवीच, हे मला पटते. पण पेटीत आवाजाचा चढउतार बोटांनी होत नाही, तो भात्याने होतो. मग जिच्या बोटांनी आजवर फक्त पेटी ओळखली आहे, तिला या सोयीची उणीव भासेल का? की आत्ताच सवय लावली नाही, तर पुढे सगळ्या पट्ट्या एकाच वजनाने दाबण्याची खोड जडेल? आमची मर्यादा 10,000 रुपयांची आहे. टच रिस्पॉन्स खरोखर आवश्यक असेल तर थोडे थांबून पैसे साठवण्याचीही तयारी आहे.

याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न डाव्या हाताचा. पेटीवर तो भात्यात गुंतलेला असतो. कीबोर्डवर तोच हात मोकळा राहतो आणि त्याने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वरांचे गट, धरायच्या असतात. हे शिकवणारे घरात कोणी नाही. सुरुवातीचे काही महिने फक्त उजव्या हाताने वाजवू दिले तर चालेल का?

धुळ्याचे एक परिचित त्यांचा जुना, टच रिस्पॉन्स असलेला 61 पट्ट्यांचा कीबोर्ड स्वस्तात देत आहेत. तो अनेक वर्षे लग्नांच्या वरातींत वाजला आहे आणि त्याच्या दोन पट्ट्या नीट दाबल्याशिवाय बोलत नाहीत. पट्ट्यांखालच्या रबरावरील कार्बनचे ठिपके धुळीने माखले असतील तर साफ करून भागते, झिजले असतील तर रबर बदलावे लागते, असे समजले. खोलून पाहण्यापूर्वी या दोहोंतले काय झाले आहे हे ओळखण्याचा काही उपाय आहे का? शिवाय मूळ अ‍ॅडाप्टर हरवला आहे. व्होल्टेज आणि पिनची धन-ऋण बाजू वाद्यागणिक बदलते, म्हणून हाताला येईल तो अ‍ॅडाप्टर लावायला मी धजावत नाही.

आप्पांचा आक्षेप वेगळाच आहे. ट्रान्सपोजचे, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे स्वर वर-खाली सरकवणारे, बटण दाबले की काळी चारचे गाणेही पांढरी एकच्या बोटांनी वाजते, मग पोर काळ्या पट्ट्यांवर फिरायला शिकणार केव्हा, असे ते विचारतात. मला त्यांचे म्हणणे पटते, पण तिचा गळा उंच आहे आणि बटण हाताशी असताना तिला अडवणेही कठीण आहे. ज्यांनी आपल्या मुलांना पेटीवरून कीबोर्डवर आणले, त्यांनी हे कसे सांभाळले?

येत्या शनिवारी आम्ही जळगावला दुकाने पाहायला जाणार आहोत. आप्पाही सोबत येतील. दुकानात वाद्य हाताखाली असताना नेमके काय वाजवून पाहावे, एवढे तरी कृपया त्यापूर्वी कळवावे.